बेगमीचा समुद्र

दरवर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या हाती दोन याद्या ठेवतात. पहिली यादी अणुप्रकल्पांची. परस्परांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला, २७ जानेवारी १९९१ पासून तो लागू झाला आणि १९९२ पासून ही देवघेव एकाही वर्षी चुकलेली नाही. कारगिल झालं, २६/११ झालं, पुलवामा झालं, राजदूत परत बोलावले गेले. यादी मात्र ठरल्या दिवशी पोचली. दुसरी यादी कैद्यांची. २००८च्या करारानुसार ती वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या तारखेला दिली जाते. तिच्यात साधे कैदी वेगळे आणि मच्छीमार वेगळे मोजतात. १ जानेवारी २०२५ला पाकिस्तानने आपल्या तुरुंगात २१७ भारतीय मच्छीमार असल्याचं कळवलं, भारताने ८१ पाकिस्तानी मच्छीमारांची नावं दिली.

पहिल्या यादीत काय काय आहे ते जाहीर करत नाहीत, पण तारापूर तिच्यात नसेल असं मानायला जागा नाही. दुसऱ्या यादीत डहाणू आणि तलासरी तालुक्यांतले खलाशी वर्षानुवर्षं असतात. डहाणू रोड स्टेशनवरून समुद्राकडे निघालं की मसोली लागतं. तिथून तारापूरच्या अणुभट्ट्या सरळ रेषेत सुमारे वीस किलोमीटरवर. अणुयुद्ध झालंच तर समुद्रात पळून जीव वाचवता येईल का, हा प्रश्न न्यूझीलंडच्या एखाद्या नौकाधारकाने विचारला तर तो श्रीमंती छंद वाटेल. मसोलीत तो तसा वाटत नाही. इथे बॉम्ब, भट्टी, होडी आणि सरहद्द या चारही गोष्टी एकाच जिल्ह्याच्या आयुष्यात आहेत.

७ मे २०२५ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रात सर्वाधिक जोखमीच्या गटात तीन नावं होती: मुंबई, उरण आणि तारापूर. भोंगे वाजले, दिवे मालवायचा सराव झाला. १९७१च्या ब्लॅकआउटच्या आठवणी जुन्या लोकांनी काढल्या. पण त्या वेळी खिडक्यांना काळे कागद लावले की काहीतरी केल्याचं समाधान तरी मिळायचं. आता भोंगा वाजल्यावर नेमकं कुठे जायचं? पूर्वेला जव्हारकडचे डोंगर, मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्ग, जो एरवीच्या सुट्टीतही तुंबतो. पश्चिमेला अथांग मोकळी जागा आणि किनाऱ्यावर बोटी उभ्या. ज्याच्या दारात होडी आहे त्याच्या मनात पहिला विचार काय येईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

आणि तो विचार मूर्खपणाचा नाही. अणुस्फोटानंतर राख खाली बसते तेव्हा ती जमिनीवर, छपरावर, झाडांवर, रस्त्यांवर साचते आणि तिथून किरण सोडत राहते. समुद्रावर पडलेली राख पाण्यात मिसळते, खाली जाते, आणि पाणी हे किरणांना अडवणारं चांगलं आवरण आहे. बोटीचा डेक धुऊन काढता येतो. अंगण धुऊन काढलं तरी घाण अंगणाच्या कडेलाच राहते. शिवाय किरणोत्सार सुरुवातीला फार झपाट्याने ओसरतो. नागरी संरक्षणाच्या पुस्तकांत त्याचा एक ढोबळ हिशेब असतो: वेळ सातपट झाला की तीव्रता दहा टक्क्यांवर येते. म्हणजे पहिल्या तासाला जी तीव्रता हजार असेल ती सात तासांनी शंभर, दोन दिवसांनी दहा आणि दोन आठवड्यांनी एक. मोठ्या मच्छीमार बोटी दहा-पंधरा दिवसांचा बर्फ, डिझेल आणि शिधा घेऊन निघतात. हिशेब जुळतो. कागदावर तरी तांडेलाची एक फेरी आणि अणुस्फोटाचे सर्वांत घातक दिवस जवळजवळ सारख्याच लांबीचे आहेत.

कागदाबाहेर काय होतं याचा एक नीट नोंदलेला दाखला आहे. १ मार्च १९५४च्या पहाटे अमेरिकेने बिकिनी बेटांवर ‘ब्राव्हो’ नावाच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. अंदाज होता सुमारे सहा मेगाटनांचा, स्फोट झाला पंधरा मेगाटनांचा, हिरोशिमाच्या जवळजवळ हजारपट. तिथून शंभरेक किलोमीटरहून अधिक दूर, जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीच्या बाहेर, ‘दाइगो फुकुर्यु मारु’ नावाची एक लाकडी जपानी बोट ट्युना पकडत होती. तेवीस माणसं. पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखा उजेड झाला, काही मिनिटांनी गडगडाट आला आणि दोनेक तासांनी आकाशातून पांढरी भुकटी पडायला लागली. ती पोवळ्याच्या बेटाची जळून झालेली राख होती.

या गोष्टीतला मला कधीही न विसरता येणारा भाग पुढचा आहे. काहीतरी भयंकर झालंय हे त्यांना कळलं होतं. तरी ते लगेच पळाले नाहीत. त्यांचे लांब गळ पाण्यात होते, आणि ते ओढून घ्यायला काही तास लागले. तेवढा वेळ राख त्यांच्या केसांत, कानांत, कॉलरच्या आत पडत राहिली. हा अडाणीपणा होता असं म्हणणाऱ्याने एकदा डहाणूच्या किंवा सातपाटीच्या नाखव्याला जाळ्यांची किंमत विचारावी, आणि त्यातली किती उधारीवर आहे तेही. जाळं समुद्रात सोडून येणं म्हणजे हंगाम सोडून येणं. पळून जा म्हणणं सोपं असतं. ज्याची सगळी पुंजी पाण्यात पसरलेली आहे तो आधी पुंजी गोळा करतो. भूकंपात माणसं दागिन्यांसाठी घरात परत जातात, तसलंच हे.

ती बोट १४ मार्चला यायझू बंदरात पोचली. तोवर खलाशांची कातडी काळवंडली होती, केस गळत होते. रेडिओचालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारला. मात्र ज्यांना त्या बोटीशी काही देणंघेणं नव्हतं त्यांनाही फटका बसला: त्या वर्षी जपानमध्ये साडेआठशेहून जास्त बोटींची मासळी किरणोत्सारी ठरवून फेकून द्यावी लागली. बाजारात ट्युनाला कोणी हात लावेना. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी हायड्रोजन बॉम्बविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि दीड वर्षात त्या सह्या तीन कोटींच्या वर गेल्या. आपल्याकडे नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला, तो याच बोटीच्या बातम्या ताज्या असताना. ती बोट आजही टोकियोत संग्रहालयात ठेवलेली आहे. एवढ्या तपशिलाने हे सांगतो कारण समुद्रात राहून अणुस्फोटाची राख अंगावर घेतलेल्या साध्या मच्छीमारांचा याहून पुरा दाखला नाही, आणि त्यातला प्रत्येक अडथळा आपल्या किनाऱ्याला लागू पडतो.

वारा घ्या. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवले जातात: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. डहाणूकरांना पुस्तक नको, खाडीपलीकडच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर कुठे झुकलाय ते बघितलं की झालं. रात्री किंवा पहाटे काही घडलं तर मतलई वारा खालची धूळ बोटींच्याच मागे लावून देईल. पावसाळ्यात खालचा वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे वाटतं समुद्र सुरक्षित. पण त्याच महिन्यांत बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर द्वीपकल्पावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा हवेचा झोत वाहत असतो, आणि मोठ्या स्फोटाचा ढग जातो तो तेवढ्याच उंचीवर. मुंबईवर उठलेल्या ढगाचा खालचा भाग घाटाकडे आणि वरचा भाग अरबी समुद्रावर, अशी वाटणी होऊ शकते. कुठल्या दिशेला पळायचं हे ठरवायला जे ज्ञान लागेल ते किनाऱ्यावर उभ्या माणसाला त्या तासाभरात मिळणार नाही.

आणि पावसाळ्यात पळणार कशातून? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवलेल्या असतात, इंजिनं उघडलेली असतात. नारळी पौर्णिमेआधी दर्यात जायचं नाही, हा संकेत कायद्यापेक्षा जुना आहे, आणि खवळलेला दर्या पाहिलेल्या माणसाला त्यामागची कारणं सांगावी लागत नाहीत. वर्षातले दोन-अडीच महिने पळवाट बंद. युद्ध पंचांग बघून येत नाही.

बाकीच्या महिन्यांतही गणित फार पुढे जात नाही. सात माणसं पंधरा दिवस बोटीवर राहायची तर नुसतं प्यायचं पाणी तीनशे लिटरच्या वर लागतं. त्यात बायकामुलं घेतली तर? मोठ्या बोटीची केबिन खलाशांना आळीपाळीने पाठ टेकण्यापुरती. डोल जाळ्याची होडी तर भरती-ओहोटीच्या हिशेबाने जाते-येते. तिच्यावर संसार मांडता येत नाही. लाकडाची फळी गॅमा किरणं अडवत नाही. आणि सोळाव्या दिवशी काय? बर्फ डहाणूच्या कारखान्यातून येतो, कारखाना विजेवर चालतो, डिझेल पंपावरून येतं, पंपाचं डिझेल शुद्धीकरण कारखान्यातून, आणि ते कारखाने मुंबईत चेंबूरला आणि गुजरातेत जामनगरला आहेत, म्हणजे कुठल्याही शत्रूच्या नकाशावर पहिल्या पानावर. बोट समुद्रात असते तेव्हाही तिची नाळ जमिनीलाच असते. न्यूझीलंडने १९८७ साली या विषयावर सरकारी पातळीवर अभ्यास करून घेतला होता. एकही बॉम्ब न पडता, जगापासून हजारो किलोमीटर दूर असूनही, इंधन, औषधं आणि सुटे भाग यायचे थांबले की देश किती वेगाने कोलमडेल, हा त्यांच्या चिंतेचा विषय होता. अख्ख्या देशाला जे जड जातं ते बत्तीस फुटी बोटीला कसं झेपेल?

मग प्रश्न येतो, बोटीत बसणार कोण. किनाऱ्यावर मांगेला, वैती, माच्छी समाजांची वस्ती, त्यांच्याकडे बोटी. रेल्वेरुळाच्या पूर्वेला वारली, कोकणा, मल्हार कोळी पाडे, त्यांच्याकडे नाहीत. तलासरी तालुक्याला तर समुद्र जेमतेम झाईजवळ भेटतो. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी आणि आजूबाजूच्या गावांत लोक ऐन थंडीत महिनोन्महिने घराबाहेर झोपले, तंबू लागले. संकट आलं की माणूस लांब पळत नाही, घरासमोरच्या मोकळ्या जागेत येऊन बसतो, कारण गुरं तिथे, भात तिथे, म्हातारी माणसं तिथे. ‘समुद्राकडे पळा’ या सल्ल्यात ही माणसं कुठेच नसतात. त्या कल्पनेतला नायक नेहमी एकटा, धडधाकट आणि बोटीचा मालक असतो.

यातला विरोधाभास असा की समुद्रावर जीव धोक्यात घालायची वेळ आली की बोलावणं याच पाड्यांना येतं. पावसाळा सरला की डहाणू आणि तलासरीतले आदिवासी तरुण गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात: वेरावळ, पोरबंदर, ओखा. आठ-नऊ महिने पाण्यावर. मासा जिकडे जातो तिकडे बोट जाते, आणि एखाद्या रात्री पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाची नौका आडवी येते. त्यानंतर कराचीचा तुरुंग. शिक्षा संपली तरी सुटका दोन सरकारांच्या मर्जीवर. २०२४ साली डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा तिथेच मृत्यू झाला आणि मृतदेह घरी पोचायला महिन्याहून जास्त काळ गेला. समुद्राला कुंपण नसतं असं कवी म्हणतात. खलाशाच्या बायकोला विचारलं तर ती जानेवारी-जुलैच्या यादीची गोष्ट सांगेल. शांततेच्या काळात मासळीसाठी भरकटलेल्या बोटीची ही गत, तर युद्धाच्या रात्री दिवे मालवून पश्चिमेकडे निघालेल्या शेकडो बोटींना दोन्ही नौदलं काय समजतील?

समुद्रात दडून अणुयुद्धातून तगायची खरीखुरी, पैसा ओतून, शिस्तीने केलेली तयारी जगात एकाच वस्तूसाठी झाली आहे, आणि ती वस्तू म्हणजे खुद्द अण्वस्त्र. जमिनीवरचं सगळं बेचिराख झालं तरी पाण्याखाली लपलेली पाणबुडी उलटा वार करू शकेल, म्हणून शत्रू पहिला वार करणार नाही, हा तर्क. भारताने २००३ साली ‘प्रथम वापर नाही’ हे धोरण जाहीर केलं, त्याला हा दुसऱ्या वाराचा पाया लागतो. ‘अरिहंत’ने पहिली गस्त पूर्ण केल्याचं नोव्हेंबर २०१८मध्ये सांगण्यात आलं, २०२४च्या ऑगस्टमध्ये ‘अरिघात’ नौदलात आली. अशी पाणबुडी स्वतःची वीज करते, खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करते, श्वासाला हवाही करते. तिला वर यावं लागतं ते मुख्यतः शिधा संपल्यावर. इतकं सगळं तंत्रज्ञान कोंबूनही अन्नाचा प्रश्न किनाऱ्यावरच सुटतो, हे मला फार बोलकं वाटतं.

या किनाऱ्याचा जुना अनुभव काय सांगतो? इराणातून निघालेले पारशी समुद्रमार्गे संजाणला उतरले. संजाण तलासरीपासून जवळ, आता गुजरातेत. समुद्राने त्यांना आणून सोडलं. वस्ती झाली ती जमिनीवर, राजाच्या परवानगीने, शेजाऱ्यांच्या आधाराने. पुढे संजाणवर हल्ला झाला तेव्हा त्यांच्यासमोर पुन्हा समुद्र होता आणि ते दर्यावर्दी पूर्वजांचे वंशज होते. तरी ते आपला पवित्र अग्नी घेऊन समुद्रात गेले नाहीत. परंपरा सांगते की ते बाहरोटच्या डोंगरात, गुहांमध्ये, बारा वर्षं राहिले. बोर्डी-घोलवडच्या पूर्वेला तो डोंगर आजही आहे, यात्रेकरू चढून जातात. तिथून फिरत फिरत तो अग्नी १७४२ला उदवाड्याला पोचला. तेवत ठेवायचा अग्नी असो की वाढवायची मुलं, त्यांना लाकूडफाटा, दूध, पाणी आणि ओळखीचे शेजारी लागतात. मार्शल बेटांतल्या रोंगेलापच्या लोकांचंही तेच. ‘ब्राव्हो’ची राख त्यांच्यावरही पडली होती, १९५७ साली त्यांना परत तिथेच नेऊन ठेवलं आणि आजारपणांना कंटाळून १९८५ला त्यांनी बेट सोडलं, ग्रीनपीसच्या ‘रेनबो वॉरियर’ जहाजातून. समुद्रातून गेले ते दुसऱ्या बेटावर. जाताना घरांचे पत्रे आणि लाकडंही बरोबर घेऊन गेले.

म्हणून पळण्यासाठी समुद्र, ही कल्पना मी बाजूला ठेवतो. पण समुद्राचा विषय तिथे संपत नाही, उलट तिथून खरा सुरू होतो. कारण अणुयुद्धात मरणारे बहुसंख्य लोक बॉम्बने मरणार नाहीत.

ऑक्टोबर २०१९मध्ये शास्त्रज्ञ ओवेन टून आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. विषय भारत-पाकिस्तान अणुयुद्ध, आणि त्यांनी कल्पनेसाठी निवडलेलं साल होतं २०२५. (ज्या मे महिन्यात भोंगे वाजले त्या महिन्यात हा निबंध पुन्हा वाचायची हिंमत माझ्यात तरी नव्हती.) त्यांच्या हिशेबात तत्काळ मृत्यू पाच ते साडेबारा कोटी. जळणाऱ्या शहरांची १.६ ते ३.६ कोटी टन काजळी वरच्या वातावरणात जाऊन बसते, सूर्यप्रकाश २० ते ३५ टक्क्यांनी घटतो, तापमान २ ते ५ अंशांनी उतरतं, पाऊस १५ ते ३० टक्क्यांनी कमी होतो, आणि हे सावरायला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो. २०२२च्या आणखी एका अभ्यासाने अशा युद्धानंतर जगात २०० कोटींहून जास्त माणसं उपासमारीने मरू शकतात असा अंदाज केला. आपल्याकडे याचा अर्थ: जूनमध्ये पाऊस येणार की नाही हे कोणी सांगू शकणार नाही, भात निसवणार नाही, आणि डहाणूचा चिकू, ज्याला ऊन आणि दमट उबारा दोन्ही लागतात, तो कितपत धरेल देव जाणे.

समुद्र मात्र सावकाश थंड होतो. टून यांच्याच हिशेबात जमिनीवरची वनस्पतींची वाढ १५ ते ३० टक्के घटते तेव्हा समुद्रातली ५ ते १५ टक्के. म्हणजे शेत बसतं तेव्हाही पाण्यात काहीतरी शिल्लक असतं. किती? २०२०मध्ये मासेमारीवरच असा अभ्यास झाला. आजच्यासारखीच मासेमारी चालू राहिली तर अमेरिका-रशियासारख्या सर्वांत मोठ्या युद्धानंतर जगाची पकड सुमारे २९ टक्क्यांपर्यंत घटेल, आणि काजळी कमी तशी घटही कमी, असं त्यातून निघालं. पण त्याच अभ्यासात दुसरी एक शक्यता तपासली होती: युद्धापूर्वीच मासेमारी नीट सांभाळून समुद्रातला साठा भरून आलेला असेल तर? तर त्या साठ्यातून थोड्या काळासाठी आजच्या जगाच्या प्राणिज प्रथिनांपैकी सुमारे ४३ टक्क्यांची भरपाई होऊ शकेल. या आकड्यातली अनिश्चितता मोठी आहे, अभ्यासकांनीच ती मान्य केली आहे. पण दिशा पक्की आहे. दोन्ही महायुद्धांत उत्तर समुद्रातली मासेमारी जवळपास थांबली होती आणि युद्ध संपल्यावर जाळी भरभरून आली, हे मत्स्यशास्त्रात कित्येक दशकांपासून माहीत आहे.

पावसाळ्यापूर्वी घरात तांदूळ, लाकडं, सुकी मासळी भरून ठेवणाऱ्या समाजाला हे समजावून सांगावं लागू नये. समुद्र वाचवेल तर बेगमी म्हणून. आणि बेगमी संकट आल्यावर भरता येत नाही.

आज त्या कोठाराची अवस्था काय आहे? पापलेट हा २०२३ साली राज्यमासा झाला. सन्मान मिळाला, पण सातपाटीचे मच्छीमार कित्येक वर्षं तक्रार करताहेत की लहान आसाची जाळी पिल्लंच उचलून नेतात. घोळ, दाढा यांचा तर लागला तर लॉटरी असा मामला झाला आहे. किनाऱ्याकिनाऱ्यांत ‘कव’ मारण्यावरून भांडणं आहेत. डोलीचं जाळं बांधायला समुद्राच्या तळात जे खुंट ठोकतात त्या कवी. कोणी कुठवर ठोकायच्या यावरून डहाणू-सातपाटीकडचे आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार वर्षानुवर्षं एकमेकांसमोर उभे आहेत. हे भांडण बाहेरच्याला क्षुल्लक वाटतं. मला ते कोठाराच्या किल्लीचं भांडण वाटतं.

डोलीकडे मी या चर्चेत मुद्दाम येतो. ट्रॉलरला जाळं ओढत फिरायचं तर डिझेल जाळावं लागतं. डोल भरतीच्या आणि ओहोटीच्या ओढीवर भरते. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या या पट्ट्यात पाण्याची ही ओढ जबरदस्त असते. डिझेल लागतं ते जायला-यायला, आणि ते अंतर जितकं कमी तितकं बरं. डिझेल नाहीच मिळालं तर शीड. इथल्या बोटींना इंजिनं बसायला लागली ती स्वातंत्र्यानंतर. त्याआधी सगळा कारभार वाऱ्यावर होता, आणि शिडाची दोरी हातात धरलेली शेवटची पिढी आज ऐंशीच्या आसपास आहे. मिळालेली मासळी टिकवायला बर्फ लागू नये म्हणून मीठ आणि ऊन. बोंबील बांबूवर टांगून वाळवायची पद्धत वीज न वापरता महिनोन्महिने टिकणारं प्रथिन तयार करते. उन्हात वीस ते पस्तीस टक्के घट झाली तर वाळायला जास्त दिवस लागतील, काही माल कुजेलही. पण शीतगृह बंद पडल्यावर होतो तसा सगळाच्या सगळा जाणार नाही. तेव्हा युद्धानंतर चालू शकेल अशी मासेमारी म्हणजे किनाऱ्याजवळची, कमी इंधनाची, उन्हावर आणि मिठावर टिकणारी, बायकांच्या हातून वाळणारी आणि पाटीतून पाड्यापाड्यांत जाणारी. सुकी मासळी देऊन भात घ्यायचा व्यवहार किनारा आणि वारली पाडे यांच्यात जुना आहे. बोटीत ज्यांना जागा नव्हती त्यांच्यापर्यंत समुद्र पोचतो तो या वाटेने.

आता नकाशावर वाढवण बघा. ३० ऑगस्ट २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला तिथल्या नव्या बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी, समुद्रात भर घालून तयार करायची जमीन १,४४८ हेक्टर, दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक भिंत. १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशाने त्याच्या संरक्षणासाठी प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते आणि १९९८ला याच ठिकाणचं बंदर त्या प्राधिकरणाने नाकारलं होतं. ३१ जुलै २०२३ला त्याच प्राधिकरणाने मंजुरी दिली. बंदराच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे मुद्दे आहेत: रोजगार, मोठ्या जहाजांना लागणारी खोली, मुंबईजवळच्या जेएनपीए बंदरावरचा ताण. ते मी झटकून टाकत नाही. विरोध करणारे मच्छीमार या पट्ट्याला ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात, मासळीच्या पैदाशीची जागा म्हणून.

दोन्ही बाजूंच्या कागदांत नुकसानभरपाई आहे, बोटींची संख्या आहे, कंटेनरची संख्या आहे. एक हिशेब कोणीच मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. तारापूरपासून हाकेच्या अंतरावर देशातलं सर्वांत मोठं बंदर उभं करणं म्हणजे शत्रूच्या यादीत एकाशेजारी दुसरं लक्ष्य ठेवणं. १ जानेवारीची यादी अणुभट्टीला संरक्षण देते, बंदराला देत नाही. आणि ज्या उथळ, किनाऱ्यालगतच्या पाण्यावर ही भर पडणार तेच पाणी शिडाने किंवा थोडक्या डिझेलवर गाठता येण्यासारखं आहे. खोल समुद्रातली मासळी भरून आली तरी डिझेल नसलेल्या डहाणूकराला ती चंद्रावर असल्यासारखीच. नागरी संरक्षणाच्या पुढच्या तालमीत भोंग्यांबरोबर कोणी एवढं तरी मोजावं: वाढवणपासून झाईपर्यंत इंजिनाशिवाय एका भरतीत जाऊन दुसऱ्या भरतीत परत येता येईल अशा किती कवी आज उभ्या आहेत, आणि बंदर झाल्यावर किती उरतील.